माकडांची हजेरी

माकडांची कुणी हजेरी घेतो काय? असे तुम्ही विचाराल. विचारणे बरोबर आहे. आम्ही उभी हयात शाळेत हजेरीपट भरला. मूल 'हजर' म्हणते आणि आपण खूण करतो. माकड कशाला 'हजर' म्हणेल? पण मंडळी, रानातल्या माकडांची रोज नावानिशी हजेरी घेणारी माणसे जगात आहेत. जपानात आहेत, आफ्रिकेत आहेत, आपल्या हिंदुस्थानातही आहेत. त्यांतले पुष्कळजण पगाराशिवाय हे काम करतात. कुणी कॉलेजातला मुलगा असतो, कुणी शेतकरी असतो, कुणी शाळेतली बाई असते. मोठे शास्त्रज्ञ पुस्तके लिहितात, पण त्या पुस्तकांच्या खाली अशा स्वयंसेवकांच्या वह्यांचा पाया असतो.

अशाच एका बाईंची हकीकत आधी सांगतो.

जपान देश बेटांचा आहे. त्याच्या दक्षिणेला क्यूशू नावाचे मोठे बेट आहे. तिथे मियाझाकी नावाच्या प्रांतात समुद्रकाठी एक खेडे आहे. किनाऱ्यावर उभे राहिले की समोर तीन-चारशे मीटरवर एक लहानसे डोंगराळ बेट दिसते. त्याचे नाव कोशिमा. बेटावर वस्ती नाही. राहतात ती फक्त माकडे. ही माकडे आपल्या लाल तोंडाच्या माकडांच्या जातीतलीच, पण शेपूट आखूड आणि अंगावर दाट केस. 1934 सालापासून जपानच्या सरकारने त्यांना राखीव ठरवले आहे.

1948 साली क्योतो विद्यापीठाचे किंजी इमानिशी नावाचे शास्त्रज्ञ आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्या बाजूला आले होते. ते आले होते मोकळे फिरणारे घोडे पाहायला. पण वाटेत माकडे दिसली आणि त्यांचे मन माकडांवर बसले. लढाई नुकतीच संपली होती. देश खचलेला. पैसा नाही, साधने नाहीत. परक्या मुलखातून आलेली ही मंडळी रोज बेटावर कशी राहणार? अशा वेळी गावातल्या प्राथमिक शाळेतल्या एक शिक्षिका पुढे आल्या. त्यांचे नाव सात्सुए मितो. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी या पाहुण्यांना हात दिला. पुढे मितोबाई स्वतःच माकडांवर नजर ठेवू लागल्या, वहीत लिहू लागल्या. हे काम त्यांनी म्हातारपणापर्यंत केले.

सुरुवातीला माकडे माणूस दिसला की झाडीत पळत. नुसती पाठ दिसे. म्हणून 1952 साली एक युक्ती केली. किनाऱ्याच्या वाळूत रताळी टाकायला लागले. माकडे उघड्यावर येऊन रताळी खाऊ लागली. तेव्हा ती होती विसाच्या आसपास. आता त्यांना जवळून नीट पाहता येऊ लागले, आणि प्रत्येकाला नाव देता येऊ लागले.

नाव कशाला? आमच्या एका शेजाऱ्याने हाच प्रश्न केला. माकड ते माकड, सगळी सारखी! आम्ही त्याला विचारले, "बाबा, तुझ्या शेजारचा धनगर शंभर मेंढ्यांतली आपली मेंढी कशी ओळखतो?" तो म्हणाला, "त्याला सवय हाय." बस्स, तेच उत्तर. एकाचा कान फाटलेला असतो. एकाचे बोट तुटलेले असते. एकीच्या नाकावर जुनी जखम असते. एक लंगडत चालते. महिना-दोन महिने रोज पाहिले की चेहरे वेगळे दिसू लागतात. मग नाव द्यायचे, आणि जे जे दिसेल ते त्या नावाखाली लिहायचे. नाव नसेल तर 'एक माकड दुसऱ्याला चावले' एवढेच लिहिता येते. त्यातून काय कळणार? कोण चावला, कुणाला चावला, ती त्याची बहीण होती की परकी, हे कळले तर काही अर्थ.

1953 सालच्या सप्टेंबर महिन्यात मितोबाईंना एक नवल दिसले. इमो नावाची एक मादी होती. वय फक्त दीड वर्ष. जपानी भाषेत इमो म्हणजे कंद, रताळे. तिने वाळूने माखलेले रताळे उचलले, ओढ्याच्या पाण्याशी नेले, एका हाताने पाण्यात धरले आणि दुसऱ्या हाताने वाळू चोळून काढली. मग खाल्ले. बाकीची माकडे वाळू हाताने झटकून तशीच दाताखाली कचकच करत खात होती. बाईंनी हे शास्त्रज्ञांना कळवले.

आता यात एवढे काय? असे वाटेल. पण त्या काळी मोठमोठे पंडित म्हणत, जनावराला जे येते ते जन्मतःच येते. शिकणे, शिकवणे, चालीरीत पाडणे, हे माणसाचे काम. इथे तर एका पोरीने नवी रीत काढली होती. पुढचा प्रश्न असा की ती रीत तिच्याबरोबरच संपते की दुसरे कुणी ती उचलते. हे कसे कळणार? रोज हजेरी घेऊनच. कुणी रताळे धुतले, कुणी नाही धुतले, लिहा. उद्या पुन्हा लिहा.

तीन महिन्यांच्या आत इमोच्या आईने रताळे धुवायला सुरुवात केली. तिच्याबरोबर खेळणाऱ्या दोघा पिल्लांनीही केली. मग हळूहळू भावंडे, मैत्रिणी. 1958 सालच्या मार्चपर्यंत काय झाले ते पाहा. दोन ते सात वर्षे वयाची 19 माकडे होती, त्यांतली 15 धुवायला शिकली होती. मोठी जाणती माकडे 11 होती. त्यांतली शिकली फक्त 2, आणि त्या दोन्ही माद्या होत्या. थोराड नर दूर बसत. त्यांचा लहानांशी संबंध कमी, आणि शिकायची हौसही नसावी. हे वाचून रात्रीच्या वर्गातल्या मंडळींनी आमच्यावर रागावू नये. ती माकडे होती. आणि इमोची आई शिकलीच की!

पुढे या माद्यांना पिल्ले झाली. पिल्लू आईच्या पोटाला बिलगून पाण्यापर्यंत जाई. आईच्या हातून पडलेले तुकडे पाण्यातूनच उचलून खाई. त्याला धुणे कुणी वेगळे शिकवावे लागले नाही. 1956 साली इमोने दुसरी युक्ती काढली. वाळूत गहू फेकलेला असे. दाणा-दाणा वेचत बसावे लागे. इमोने वाळूसकट मूठ भरली आणि पाण्यात टाकली. वाळू बुडाली, गहू वर तरंगला. तो तिने अलगद उचलून खाल्ला. आपल्या बायका धान्य पाण्यात घालून माती-खडे वेगळे करतात, तसलाच प्रकार. मासाओ कावाई नावाच्या शास्त्रज्ञांनी 1965 साली हे सगळे सविस्तर छापले. कोण, कधी, कुणानंतर शिकले, याचे कोष्टकच त्यात आहे.

या कोष्टकाचा पुढे कसा उपयोग झाला, तेही ऐका. 1979 साली लायल वॉटसन नावाच्या लेखकाने एका पुस्तकात वेगळीच कथा घातली. तो म्हणाला, रताळी धुणाऱ्या माकडांची संख्या वाढत वाढत समजा शंभरावर गेली, आणि त्या क्षणी काय चमत्कार झाला कोण जाणे, साऱ्या माकडांना एकदम धुता येऊ लागले. समुद्रापलीकडच्या बेटांवरच्या माकडांनाही! कथा मोठी गोड होती. लोकांना फार आवडली. तिच्यावर आणखी पुस्तके निघाली, व्याख्याने झाली. आपल्याकडचे शिकलेसवरलेले लोकही ती सांगताना आम्ही ऐकले आहेत. मग 1985 साली अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने जुन्या नोंदी काढून पाहिल्या. 1962 साली कोशिमावर माकडे होती एकूण 59! शंभरावे आले कुठून? आणि चमत्कार कसला? एका दिवसात सगळी शिकली असे कुठेच लिहिलेले नाही. एकेक करून, वर्षे लागून शिकली, आणि काही मरेपर्यंत शिकलीच नाहीत. पुढे वॉटसनने ती आपलीच रचना होती हे मान्य केले. वही नसती तर ही कंडी खरी म्हणून कायमची बसली असती.

आता कामाची रीत सांगतो, कारण कुणा वाचकाच्या मुला-मुलीला अशा कामाला जायची संधी येऊ शकते.

पहाट व्हायच्या आत निघायचे. टोळी रात्री ज्या झाडांवर झोपली, त्या झाडांखाली उजाडताना पोचायचे. कारण ती एकदा हलली की शोधत बसावे लागते. मग दिवसभर मागोमाग. ती चढणीवर गेली की आपण चढणीवर, ती काटेरीत शिरली की आपणही काटेरीत. संध्याकाळी ती झाडावर झोपायला चढली की आपली सुट्टी. दुपारच्या वेळी माकडे तीन-तीन तास नुसती बसून असतात, उवा वेचतात, पेंगतात. आपणही बसून राहायचे, मात्र पेंगायचे नाही. पुष्कळ पोरांना वाटते, मजा असेल. आठ दिवसांत कंटाळतात आणि घरी जातात. जेवण-राहण्यापुरते मिळते, कधी तेही पदरचे असते. पावसात जळवा, उन्हाळ्यात गोचिडी.

लिहिण्याची एक शिस्त असते, आणि ती आम्हाला फार पटली. माणसाची नजर गडबडीकडे जाते. भांडण झाले की आपण लिहितो, शांत बसलेल्यांचे कोण लिहिणार? मग वही वाचणाऱ्याला वाटते, माकडे दिवसभर भांडतच असतात! शाळेत दंगा झाला त्याच दिवशी साहेब तपासणीला यावेत, तसे ते होते. म्हणून नियम असा करतात की घड्याळ पाहून ठरावीक मिनिटांनी प्रत्येक दिसणाऱ्या माकडाकडे पाहायचे आणि त्या क्षणी ते काय करते तेवढेच लिहायचे. खाते तर खाते, बसले तर बसले. किंवा दिवसातून एकेका माकडाची पाळी लावायची, आणि तेवढा वेळ फक्त त्याच्यावर नजर ठेवायची, मग शेजारी केवढीही मारामारी होवो. आफ्रिकेत बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या जीन आल्टमन या बाईंनी 1974 साली या रीती नीट मांडून दाखवल्या. तेव्हापासून जगभर त्या चालतात.

दुसरे असे की दिसते ते लिहायचे, वाटते ते लिहायचे नाही. नवा स्वयंसेवक लिहितो, 'माकड हसले.' लाल तोंडाचे माकड ओठ मागे ओढून दात दाखवते, तेव्हा ते हसत नसते. बहुधा ते भ्यालेले असते. 'मी तुझ्यापेक्षा लहान, मला मारू नको' असे ते थोरल्याला सांगत असते. आणि जे डोळे रोखून, तोंड वासून बघते, ते धमकावत असते. म्हणून वहीत 'हसले' नको, 'रागावले' नको. 'दात दाखवले, मागे सरले' एवढे लिहावे. अर्थ पुढे लावता येतो. चुकून काही पाहायचे राहिले, तर 'दिसले नाही' असे लिहावे. आमच्या नोकरीच्या काळात न आलेल्या मुलाला हजर दाखवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. तसले माणूस या कामाला ठेवू नये.

जवळ जायचे तर दहा-पंधरा पावले राखून. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. खाऊ हातात धरायचा नाही. पिल्लू कितीही गोजिरे असले तरी हात लावायचा नाही. अंगात सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी रानात जायचेच नाही, कारण माणसाचा आजार माकडाला होऊ शकतो. अभयारण्यात शिरायला वनखात्याचा परवाना लागतो, तो आधी घ्यावा.

खाऊ घालू नये, असे आज सांगतात. पण कोशिमावर तर घातला होता! खरे आहे. त्याचे काय झाले तेही लिहिले पाहिजे. भरपूर खायला मिळाले तेव्हा माकडे वाढली. वीस होती ती वीस वर्षांत शंभराच्या वर गेली. एवढ्याशा बेटावर ती कशी पोसणार? 1972 साली खाणे फार कमी केले. मग माद्यांना पिल्ले कमी होऊ लागली, आणि झालेल्यांतली पुष्कळ जगेनात. ज्यांना नावे देऊन वाढताना पाहिले, त्यांच्या नावापुढे 'मेले' असे लिहिणे कुणाला गोड वाटेल? पण तेही लिहिले गेले. आज बहुतेक ठिकाणी संशोधक खायला न घालताच, नुसते रोज मागे फिरून माकडांना आपली सवय लावतात. वर्ष-वर्ष लागते, पण लावतात. आपल्या घाटातल्या देवळापाशी आणि वळणांवर लोक गाडी थांबवून केळी फेकतात. ती माकडे पुढे शेतात आणि घरात शिरतात. मग तीच माणसे त्यांना दगड मारतात.

आता आपल्या जवळची गोष्ट. बेळगावच्या पुढे धारवाड आहे. 1961 साली युकिमारू सुगियामा हे जपानी शास्त्रज्ञ तिथे आले आणि 1963 पर्यंत त्यांनी काळ्या तोंडाच्या वानरांचा अभ्यास केला. कोशिमावर जी रीत रुजली, तीच इथे आली. टोळीत बहुधा एक मोठा नर असतो. आपण त्याला हुप्प्या म्हणतो. 1962 साली बाहेरच्या नरांनी एका टोळीवर हल्ला केला, जुन्या हुप्प्याला हाकलले, आणि त्यांतला एक नवा मालक झाला. त्यानंतर त्याने टोळीतल्या अंगावर पिणाऱ्या पिल्लांना चावे घेतले आणि पिल्ले गेली. सुगियामांनी ते छापले. पण पुष्कळ पंडितांनी मान हलवली. म्हणाले, गर्दीने माकडे बिघडली असतील, ही काही त्यांची रीत नव्हे. पुढे 1971 साली राजस्थानात जोधपूरच्या अभ्यासकांनी असेच प्रकार छापले. त्याच साली सारा हर्डी नावाची अमेरिकन विद्यार्थिनी अबूच्या पहाडावर आली. तिने कित्येक हंगाम वानरांची हजेरी घेतली. तिने कारण सुचवले. पिल्लू अंगावर पिते आहे तोवर मादी माजावर येत नाही. हे गाई-म्हशी पाळणाऱ्याला सांगायला नको. दुसऱ्याचे पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची पिल्ले होतात. हुप्प्याला ती तरी किती दिवस मिळणार? दोन-तीन वर्षांनी त्यालाही कुणी हाकलतोच.

पण मारणारा खरोखर परका होता की मेलेल्या पिल्लाचा बापच होता? हे नुसत्या डोळ्यांनी कसे ठरणार? त्यासाठी नेपाळात रामनगर नावाच्या ठिकाणी अभ्यासकांनी वानरांची विष्ठा गोळा केली. हसू नका. कुठल्या वानराची कुठली, हे ओळखून, वेगवेगळ्या बाटल्यांत, नाव आणि तारीख घालून. विष्ठेत शरीराचे बारीक कण येतात. त्यांत डीएनए नावाचे द्रव्य असते. ते आई-बापाकडून लेकराकडे येते, म्हणून त्यावरून बाप ओळखता येतो. 1999 साली निकाल छापला. मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. सारा वाद त्या बाटल्यांवरच्या नावांवर उभा होता. नाव लिहिण्यात कुणाची चूक झाली असती, तर निकालही चुकला असता.

आमच्या लहानपणी म्हातारी माणसे सांगत, "हुप्प्या नर पिल्लू जन्मू देत नाही, ठार करतो." म्हणजे त्यांनी काहीतरी पाहिले होते खास. मात्र त्यांची गोष्ट अर्धीच बरोबर होती. नोंदी सांगतात की नवा हुप्प्या माद्यांचीही पिल्ले मारतो, नुसते नर पाहून नव्हे. आणि जुना हुप्प्या आपल्याच पिल्लांना मारत नाही, मारतो तो नव्याने आलेला. म्हाताऱ्यांकडे डोळे होते, वही नव्हती.

रोजच्या हजेरीचा आणखी एक उपयोग आहे, तो माणसाच्या जिवाशी गाठ असलेला. 1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ आसपासच्या खेड्यांतले लोक तापाने आजारी पडले, काही दगावले. हा माकडताप. तो गोचिडीच्या चाव्याने होतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून जमिनीवर, पाचोळ्यात पसरतात आणि लाकूडफाट्याला गेलेल्या माणसाला, बागेत काम करणाऱ्याला चावतात. पिल्लू-गोचीड तर तिळाएवढी, दिसतसुद्धा नाही. 2015 साली गोव्यात सत्तरी तालुक्यात हा ताप आला. 2016 साली आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आला. काजूच्या बागांतली माणसे आजारी पडली. रानात मेलेले माकड दिसले तर त्याला हात लावू नका. पुरायलाही जाऊ नका. जागेची खूण लक्षात ठेवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात व वनखात्याच्या माणसाला सांगा. रानातून आल्यावर अंग चाचपून गोचीड पाहा, कपडे गरम पाण्यात टाका. नंतर ताप आला तर डॉक्टरला 'मी रानात गेलो होतो' हे आठवणीने सांगा. टोळीच्या मागे रोज फिरणारा माणूस असेल तर दोन माकडे कमी झाल्याचे त्याला सगळ्यांच्या आधी कळते.

कोशिमावरची हजेरी अजून चालू आहे. क्योतो विद्यापीठाने तिथे लहानसे केंद्र काढले. इमो केव्हाच गेली. तिच्या बरोबरीचीही सगळी गेली. पण तिच्या पिढीनंतर आलेल्या माकडांना स्वच्छ रताळे दिले तरी ती समुद्राच्या पाण्यात बुडवून खातात. वाळू नसते, तरी बुडवतात. खारट चव लागत असावी, असे अभ्यासक म्हणतात. आणि बेटावर नवे पिल्लू जन्मले की त्याला नाव देऊन ते आईच्या नावाखाली वहीत लिहितात.